रिपोर्टमधलं सोडियम मिठापेक्षा पाण्याबद्दल जास्त सांगतं

घरातलं एखादं वयस्क माणूस ॲडमिट झालं की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली एक वाक्य हमखास येतं: "सोडियम कमी झालंय." आजोबा दोन दिवस असंबद्ध बोलत होते, चालताना तोल जात होता, जेवण नको म्हणत होते. रक्त तपासलं तर सोडियम ११८. नॉर्मल असतं १३५ ते १४५. मग भेटायला येणारा प्रत्येक जण आपला उपाय सांगतो. "मीठ कमी खात असतील हो." "पापड-लोणचं द्या." "लिंबू सरबत पाजा, चांगलं मीठ घालून." तेवढ्यात राउंडला आलेले डॉक्टर सांगून जातात, "दिवसभरात सगळं मिळून एक लिटरच्या वर पाणी द्यायचं नाही." आधीच गळून गेलेल्या माणसाचं पाणी तोडायचं? घरच्यांच्या हे गळी उतरत नाही, आणि डॉक्टरांना समजावत बसायला वेळ नसतो.

रिपोर्टमधला हा आकडा शरीरात एकूण मीठ किती आहे ते सांगतच नाही. एक लिटर रक्तद्रवात सोडियम किती, एवढंच तो सांगतो. आमटीत पाणी जास्त पडलं की ती अळणी लागते; पातेल्यातलं मीठ कुठे गेलेलं नसतं. आजोबांसारख्या बऱ्याच पेशंटचं नेमकं हेच झालेलं असतं. बरं, त्यांनी पाणी फार प्यायलं असंही सहसा नसतं. प्यायलेलं पाणी बाहेर पडत नसतं. किडनी ते सोडत नाही, कारण तिला वरून तसा हुकूम आलेला असतो. हा हुकूम देणाऱ्या हार्मोनचं नाव व्हॅसोप्रेसिन. डॉक्टरांच्या बोलण्यात ते एडीएच म्हणून येतं, म्हणजे लघवी आवरणारं हार्मोन.

हार्मोन तसं अगदी छोटं, जेमतेम नऊ अमिनो आम्लांची साखळी. बाळंतपणात कळा आणणारं ऑक्सिटोसिन त्याचं सख्खं भावंड. नवांपैकी दोनच अमिनो आम्लं वेगळी. दोघांची रचना उलगडून ती प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांना १९५५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन्ही हार्मोनं रक्तात उतरतात ती पिट्युटरीतून, म्हणजे पीयूषिका ग्रंथीतून. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या एका खळग्यात ही अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची ग्रंथी बसलेली असते. शाळेत आपण तिला सगळ्या ग्रंथींची राणी वगैरे म्हणून शिकलो, पण तिचा मागचा भाग खरं तर ग्रंथी नाहीच. वर हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागात, असलेल्या चेतापेशींची ती खाली लोंबणारी टोकं आहेत. हार्मोन वर तयार होतं, चेतातंतूंमधून घरंगळत खाली येतं आणि या टोकांशी साठून राहतं. पिट्युटरीचा मागचा भाग म्हणजे गोदाम; कारखाना वरच्या मजल्यावर. हे लक्षात असू द्या, पुढे ऑपरेशनची गोष्ट येईल तेव्हा लागेल.

हुकूम कधी सोडायचा ते कसं ठरतं? हायपोथॅलॅमसच्या आसपास काही पेशी अशा आहेत की रक्त किंचित दाट झालं की त्यांच्यातलं पाणी बाहेर खेचलं जातं, त्या आक्रसतात आणि आक्रसल्या की संदेश पाठवतात. रक्तातल्या विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, डॉक्टरी भाषेत ऑस्मोलॅलिटी, साधारण २८५ मिलिऑस्मोलच्या आसपास असतं. ते एखाद्या टक्क्याने वाढलं तरी या पेशींना कळतं. केंब्रिजच्या ई. बी. व्हर्नी यांनी हे कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. कुत्र्याला आधी भरपूर पाणी पाजायचं, म्हणजे लघवी जोरात सुरू होते. मग मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीत मिठाचं थोडं तीव्र द्रावण सोडायचं. लघवी आटते. म्हणजे खारटपणा मोजणारं काहीतरी डोक्यातच आहे. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात त्यांनी त्या मोजणाऱ्या पेशींना ऑस्मोरिसेप्टर म्हटलं.

आता किडनीकडे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. आकडा चुकून पडलेला नाही, एकशेऐंशीच. आपल्या अंगातला तीनएक लिटर रक्तद्रव दिवसभरात साठेक वेळा गाळला जातो. यातलं बहुतांश पाणी किडनीच्या सुरुवातीच्या नळ्यांमध्ये कुणाला न विचारता परत घेतलं जातं. शेवटी दहा-एक टक्के, म्हणजे अठरा-वीस लिटर उरतं, आणि त्याचं काय करायचं ते शेवटच्या संग्राहक नळ्यांमध्ये ठरतं. व्हॅसोप्रेसिनचा सगळा कारभार मुख्यतः इथला. ते भरपूर असेल तर दिवसाची लघवी अर्ध्या लिटरवर येऊ शकते, गडद पिवळी. ते मुळीच नसेल तर पंधरा-वीस लिटरपर्यंत जाऊ शकते, नळाच्या पाण्यासारखी पांढरी.

जवळून पाहिलं तर हे काम फार देखणं आहे. संग्राहक नळीच्या भिंतीतल्या पेशी एरवी पाण्याला दाद देत नाहीत. पण त्यांच्या पोटात बारीक पिशव्यांमध्ये ॲक्वापोरिन-२ नावाची प्रथिनं तयार ठेवलेली असतात. हे प्रथिन म्हणजे फक्त पाण्याचा रेणू जाईल एवढंच अरुंद भोक. व्हॅसोप्रेसिन रक्ताच्या बाजूने पेशीला चिकटलं की काही मिनिटांत या पिशव्या सरकत नळीच्या आतल्या पृष्ठभागाशी येतात, तिथे मिसळतात आणि भिंतीला भोकंच भोकं पडतात. किडनीचा गाभा मुद्दाम खारट राखलेला असल्यामुळे नळीतलं पाणी आपसूक तिकडे ओढलं जातं आणि रक्तात परततं. हार्मोन ओसरलं की भोकं पुन्हा पेशीच्या आत ओढून घेतली जातात. रक्तातलं व्हॅसोप्रेसिन दहा-वीस मिनिटांत निम्म्यावर येतं, त्यामुळे हुकूम जुना होऊन रेंगाळत नाही. पाण्यासाठी अशी खास भोकं असतात हे पीटर ॲग्री यांना १९९२ च्या सुमारास समजलं, तेही तांबड्या पेशींमधल्या भलत्याच प्रथिनाचा अभ्यास करताना. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

तहान हा याच यंत्रणेचा दुसरा हात. एक पाणी वाचवतो, दुसरा आणायला लावतो. गंमत म्हणजे पाणी प्यायल्यावर ते आतड्यातून रक्तात पोहोचायच्या आधीच तहान भागते आणि व्हॅसोप्रेसिनही उतरू लागतं. तोंड आणि घसाच आगाऊ बातमी कळवतात. दारू या हार्मोनचं स्रवणं दाबते, म्हणून बिअर पिणाऱ्याच्या बाथरूमच्या फेऱ्या प्यायलेल्या पाण्याच्या हिशेबात बसत नाहीत. रात्री ते सहसा वाढतं, म्हणून सात-आठ तास झोप लागते. ज्या मुलांमध्ये रात्रीची ही वाढ पुरेशी होत नाही, त्यांतली काही अंथरूण ओलं करतात. त्यांना रागावून काही उपयोग नसतो.

आता यात एक मोठी मेख आहे, आणि वॉर्डातले निम्मे घोटाळे तिच्यापाशी येतात. खारटपणावर नजर ठेवणाऱ्या पेशींखेरीज व्हॅसोप्रेसिनला हुकूम देणारे आणखीही लोक आहेत. रक्तदाब आणि रक्ताचं आकारमान मोजणाऱ्या चेता हृदयात आणि मोठ्या धमन्यांत बसलेल्या असतात. खूप रक्त गेलं, जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला, की त्या ओरडतात, "पाणी धरा!" अशा वेळी रक्त पातळ झालं तरी शरीर पर्वा करत नाही; आधी रक्तदाब, मग खारटपणा. म्हणूनच जुलाबात नुसतं साधं पाणी पाजत राहिलं तर सोडियम घसरतं. मीठही गेलंय, आणि आत येणारं पाणी किडनी घट्ट धरून ठेवतेय. ओआरएसच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोज असतं ते यासाठी. हृदय कमजोर असलेल्या किंवा लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या पायांवर सूज असते, पोटात पाणी असतं, तरी या चेतांना धमन्यांमधला भरणा कमीच वाटतो. त्या हुकूम देत राहतात. अंगात पाणी मावत नाही आणि सोडियम १२५.

मळमळ हाही व्हॅसोप्रेसिनला उसळवणारा फार जोरदार चेतक. दुखणं, ऑपरेशनचा ताण, मॉर्फिनसारखी औषधंही तेच करतात. ऑपरेशननंतर सलाईन कुठलं आणि किती लावायचं यावर डॉक्टर एवढे काटेकोर असतात ते यामुळे.

आणि कधी कधी काहीच कारण नसताना हुकूम सुटत राहतो. रक्त पातळ आहे, रक्तदाब ठीक आहे, तरी व्हॅसोप्रेसिन येतंच आहे. विल्यम श्वार्ट्झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनी १९५७ मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या दोन रुग्णांत हे नोंदवलं. पुढे कळलं की काही गाठी स्वतःच हे हार्मोन बनवतात. याला डॉक्टर एसआयएडीएच म्हणतात. दरवेळी कॅन्सरच असतो असं मुळीच नाही. न्यूमोनिया, टीबी, मेंदूज्वर, डोक्याला मार, फिटसाठीचं कार्बामाझेपिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या, अशी कारणं नेहमीची. बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड जातीच्या गोळ्यांनी वयस्कर लोकांचं, त्यातही बायकांचं, सोडियम पडतं. त्यात थोडं मीठ जातं आणि पाणीही अडकतं. म्हणून सोडियम कमी आलं की डॉक्टर घरून औषधांची सगळी पिशवी आणायला सांगतात. ती खरंच आणावी. तपासणीपेक्षा त्या पिशवीतून जास्त कळतं.

मग सलाईन लावून मीठ भरून का काढत नाहीत? एसआयएडीएचमध्ये हे करून बघितलं तर हिशेब चक्रावून टाकणारा निघतो. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ३०८ मिलिऑस्मोल मीठ असतं. पेशंटची लघवी, समजा, ६१६ इतकी दाट आहे. तर ते सगळं मीठ किडनी अर्ध्या लिटर लघवीत बाहेर टाकून देते. आपण एक लिटर दिलं, अर्धा लिटर गेलं. उरलेलं अर्धा लिटर शुद्ध पाणी अंगात राहिलं. सोडियम आणखी खाली! म्हणून पाण्यावर मर्यादा, किंवा व्हॅसोप्रेसिनला किडनीतच अडवणारी टोल्वाप्टानसारखी गोळी, आणि फिट वगैरे आली तर नॉर्मल सलाईनपेक्षा कितीतरी तीव्र असं ३ टक्के मिठाचं सलाईन, तेही मोजून-मापून.

मोजून-मापून का, तर मेंदूमुळे. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. हाताची-पायाची पेशी फुगली तर फुगू दे, पण मेंदू हाडाच्या कवटीत बंद आहे, त्याला पसरायला जागा नाही. डोकेदुखी, मळमळ, भ्रम, फिट, बेशुद्धी, हे सगळं त्यातून. दोनेक दिवस मिळाले तर मेंदूच्या पेशी स्वतःतले काही पदार्थ बाहेर टाकून फुगणं कमी करतात, म्हणून हळूहळू ११८ वर आलेला माणूस चालत-बोलत असू शकतो. पण अशा जुळवून घेतलेल्या मेंदूला आपण एका रात्रीत १३५ वर नेलं, तर पेशींतलं पाणी झपाट्याने बाहेर ओढलं जातं आणि चेतातंतूंवरचं आवरण उखडू शकतं. दोन-चार दिवसांनी बोलणं, गिळणं, हातपाय जातात. म्हणून चोवीस तासांत साधारण आठ ते दहाच्या वर सोडियम चढू द्यायचं नाही असा दंडक आहे. "चार दिवस झाले, सोडियम अजून १२८च," अशी तक्रार करणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी सांगायला हवं: सावकाश चढतंय ते चांगलंच आहे.

धडधाकट माणसंही यात सापडतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रक्त दिलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं, म्हणजे घामापेक्षा पाणी जास्त प्यायलं गेलं होतं, त्यांना धोका जास्त. पळण्याच्या ताणाने व्हॅसोप्रेसिन चढलेलं, त्यात प्रत्येक टेबलावर पेला उचललेला. निरोगी माणसाने उन्हात राबत नसताना, मुतखडा वगैरे नसताना बाटलीवर रेघा मारून पाणी प्यायचं खूळ मला तरी कधी समजलं नाही. तहानेचं यंत्र बऱ्यापैकी चोख आहे. अपवाद म्हातारपणाचा: तेव्हा ते मंदावतं, आणि उन्हाळ्यात आजीला आठवणीने पाणी द्यावं लागतं.

आता दुसरं टोक, व्हॅसोप्रेसिन नसण्याचं. पिट्युटरीजवळची गाठ, डोक्याला लागलेला मार, कधी शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच हल्ला, यातून हार्मोन आटतं आणि लघवी थांबत नाही. रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचं, उशाशी तांब्या ठेवायचा, बर्फाचं पाणी हवंसं वाटायचं. लघवीत साखर नसते, पण आजाराचं जुनं नाव डायबेटिस इन्सिपिडस. इटलीत फारिनी आणि जर्मनीत ड्युसेलडॉर्फमध्ये फॉन देन व्हेल्डेन यांनी १९१३ मध्ये अशा रुग्णांना पिट्युटरीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला आणि लघवी कमी झाली. आज त्याच कामाला डेस्मोप्रेसिन आहे, गोळीत किंवा नाकातल्या फवाऱ्यात. किडनीच हुकूम ऐकत नसेल तर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. मानसिक आजारासाठी वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्या काही लोकांत तसं होतं. दोन्हींतला फरक शोधायला पेशंटला देखरेखीखाली काही तास पाणी देत नाहीत, तासातासाला वजन आणि लघवी तपासतात, मग डेस्मोप्रेसिन देऊन बघतात. लघवी दाट झाली तर दोष वरचा, नाही झाली तर किडनीचा. घरी करून बघायची ही चाचणी नव्हे.

नावातल्या "डायबेटिस"ने मात्र जीव घेतले आहेत. २००९ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयात खुब्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या डेस्मोप्रेसिनच्या गोळ्या दिल्याच गेल्या नाहीत. पाणी मिळत नाही म्हणून त्याने वॉर्डातून पोलिसांना फोन केला. पोलिस आले, त्यांना परत पाठवलं गेलं. तो पाण्यावाचून गेला, रुग्णालयात. साखरेच्या डायबेटिसशी होणारा हा गोंधळ टाळायला २०२२ मध्ये तज्ज्ञांनी नावं बदलली: हार्मोनची कमतरता असेल तर एव्हीपी (म्हणजे व्हॅसोप्रेसिनच) डेफिशियन्सी, किडनी ऐकत नसेल तर एव्हीपी रेझिस्टन्स.

पिट्युटरीच्या पुढच्या भागाचाही पाण्यात हात असतो, जरा आडून. तिथून निघणारं एसीटीएच हे हार्मोन किडनीवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीकडून कॉर्टिसॉल बनवून घेतं, आणि कॉर्टिसॉल व्हॅसोप्रेसिनला लगाम घालतं. पुढचा भाग मेला की लगाम सुटतो, पाणी साचतं, सोडियम पडतं. बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेल्या बाईला असं होऊ शकतं, कधी कधी लक्षात येतं ते अनेक वर्षांनी. आपल्याकडे आणखी एक कारण आहे: घोणस. तिच्या विषाने रक्ताच्या गुठळ्या आणि रक्तस्राव होऊन काही जणांची पिट्युटरी जाते. चावा बरा होतो, माणूस घरी येतो, आणि पुढे थकवा, अंगावरचे केस गळणं, कमी रक्तदाब, कमी सोडियम. डॉक्टरांना जुन्या सर्पदंशाबद्दल सांगायला हवं, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. यातला एक चकवा असा, की पुढचा आणि मागचा दोन्ही भाग गेलेल्या पेशंटची लघवी सुरुवातीला ठीकठाक दिसते. कॉर्टिसॉलची गोळी सुरू केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धो-धो लघवी लागते. गोळीने बिघडवलं असं वाटतं. खरं तर झाकलेला आजार उघडा पडलेला असतो.

आणि ते गोदाम. पिट्युटरीजवळच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर नर्स दर तासाला लघवी मोजून तक्त्यावर लिहिते. पिट्युटरीला हायपोथॅलॅमसशी जोडणाऱ्या दांड्याला धक्का बसल्यामुळे पहिले काही दिवस हार्मोन सुटत नाही, लघवी भरमसाट. मग साधारण पाचव्या दिवसाच्या सुमारास ती अचानक कमी होते, सगळ्यांना हायसं वाटतं. पण काही जणांत ही सुधारणा नसते. वरून तुटलेली चेतांची टोकं मरत असतात आणि मरता मरता आतला साठा सांडत असतात. लघवी अडते, सोडियम कोसळतं, पेशंट तोवर घरी गेलेला असतो. साठा संपला की पुन्हा लघवीचा लोंढा, आणि आता तो बहुधा कायमचा. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर सातव्या-आठव्या दिवशी सोडियम तपासायला लिहिलेलं असतं तर ते टाळू नये.

अशा कायमच्या डेस्मोप्रेसिनवाल्या पेशंटला बरेच एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, एक सूचना देतात. गोळी चालू असताना किडनीचा हुकूम सतत चालूच असतो, रक्त पातळ झालं तरी थांबत नाही, त्यामुळे सवयीने पाणी पीत राहिलं तर सोडियम घसरू शकतं. म्हणून आठवड्यातून एखाद्या दिवशी गोळी उशिरा घ्यायची. दोन-तीनदा भरपूर, पांढरी लघवी होऊन जाऊ द्यायची, आणि मगच पुढची गोळी.